कोरड्या डोळ्यांसाठी अश्रूंचा शोध

सकाळची वेळ आहे. नाशिकमधील या मिसळीच्या हॉटेलात मागच्या बाजूला कांदा चिरण्याचे काम चालू आहे आणि चिरणाऱ्या काकांच्या डोळ्यांचे पाणी खळत नाही. कांद्यातून निघणारा वायू बुबुळावरील मज्जातंतूंना झोंबतो, ती वर्दी मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या हुकमाने अश्रुग्रंथी डोळा धुऊन काढण्यासाठी पाणी सोडते. कोरड्या डोळ्यांवरील नव्या औषधांपैकी काहींनी मज्जातंतूंची हीच वाट धरली आहे.

आता आपण शहरातील एका नेत्रतज्ज्ञांच्या तपासणी कक्षात आहोत. खालच्या पापणीत अडकवलेली ही कागदाची पट्टी 5 मिनिटे तशीच ठेवतात आणि ती किती भिजली ते मोजतात. ओल 5 मिलिमीटरच्या आतच थांबली, तर अश्रू फारच कमी पाझरतात असे मानले जाते. मात्र पट्टी चांगली भिजूनही डोळ्यांत खुपते, चुरचुरते अशी तक्रार अनेकांची असते, कारण पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी तुंबल्या, की अश्रूंवर तेलाचा जो अतिशय पातळ थर हवा तो नीट धरत नाही आणि पाणी भराभर उडून जाते. अशा चुरचुरणाऱ्या डोळ्यातून अधूनमधून उलट पाणीच वाहते, त्यामुळे ‘डॉक्टर, माझा डोळा तर सारखा गळतो, मग तो कोरडा कसा?’ ही रुग्णाची शंका रास्तच म्हणावी लागेल.

कृत्रिम अश्रूंचे थेंब वरून घालणे हा जुना आणि आजही सर्वांत प्रचलित उपाय आहे. अमेरिकेत 2002 मध्ये सायक्लोस्पोरिनच्या आणि 2016 मध्ये लिफिटेग्रास्टच्या थेंबांना मान्यता मिळाली, तेव्हा भर दाह शमवण्यावर होता. गुण यायला मात्र कित्येक आठवडे लागतात आणि थेंब झोंबतात. 2021 मध्ये आले ते वॅरेनिक्लिन, म्हणजे सिगारेट सोडवण्यासाठी ज्याच्या गोळ्या देतात तेच औषध, पण नाकात फवारायचे; नाकातील मज्जातंतू चेतवले, की अश्रुग्रंथी पाझरू लागते. 2023 मधील परफ्लुरोहेक्सिलऑक्टेनच्या थेंबांत पाण्याचा अंशही नाही, ते केवळ अश्रूंना उडू देत नाहीत. 2025 मध्ये मान्य झालेले अकोल्ट्रेमॉन बुबुळावरील थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते.

याहून पुढचा प्रयत्न नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी मानवी अश्रुग्रंथीच्या पेशींपासून प्रयोगशाळेत सूक्ष्म ग्रंथी वाढवल्या आणि रसायनाने त्यांना अक्षरशः रडवले. पाणी बाहेर पडायला वाट नसल्याने त्या फुग्यासारख्या टरारल्या. अशा पेशी उंदरांच्या अश्रुग्रंथीत रुजल्याही, परंतु रुग्णापर्यंतचा पल्ला अजून लांब आहे.

खरी कसोटी लागते ती चाचण्यांत. तुलनेसाठी दिलेले बिनऔषधाचे थेंबही डोळा ओला करतातच, त्यामुळे औषधाचा गुण वेगळा काढणे जिकिरीचे होते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल इतक्या घेतल्या जातात, पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वर्षभर चाललेल्या अमेरिकेतील चाचणीत ते तेल घेणारे आणि ऑलिव्ह तेल घेणारे, दोघांनाही जवळजवळ सारखाच आराम पडला. शिवाय पट्टीवरील मोजमाप आणि रुग्णाचा त्रास यांचा मेळ अनेकदा बसत नाही, आणि अमेरिकेचे औषध नियामक तर सहसा दोन्हींत सुधारणेचा पुरावा मागतात. रेप्रोक्झालॅप या थेंबांना 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये नकार मिळाला, तो रुग्णाचा त्रास कमी होतो हे पुरेसे सिद्ध न झाल्यामुळेच.