दाराच्या पुढे चाक: ऑप्टेअर सोलोची गोष्ट

हे पुढचं चाक बघा. गाडीच्या अगदी नाकाशी आहे आणि दार त्याच्या मागे. एरवी शहरी बसमध्ये आधी दार असतं, मग चाक. ऑप्टेअर सोलो या छोट्या ब्रिटिश बसची सगळी करामत या अदलाबदलीत आहे.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. १९८४ साली एक्सेटर शहरात फोर्ड ट्रान्झिट व्हॅनवर बांधलेल्या १६ आसनी मिनीबस धावू लागल्या. २६ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडन वगळता ग्रेट ब्रिटनमधली बससेवा स्पर्धेला खुली झाली आणि छोट्या बसगाड्यांचं पेवच फुटलं. अर्ध्या तासाने एक मोठी बस सोडण्यापेक्षा दर पाच-दहा मिनिटांनी लहान बस सोडा, असा हिशेब. बस पटापट मिळते म्हणून लोक खूश, पण गाडीवर नाखूश. तिला चक्क ‘पावाची व्हॅन’ म्हणायचे! पायऱ्या उंच, आतली वाट चिंचोळी. बाबागाडी घेऊन आलेल्या आईने आधी बाळ उचलायचं, मग बाबागाडी मिटायची, मग कशीबशी चढायची. तोवर मागची रांग खोळंबलेली.

लीड्समधला रो हा जुना बसबांधणीचा कारखाना १९८४ मध्ये बंद पडला होता. तिथल्याच माणसांनी, स्थानिक गुंतवणूक मंडळाच्या पाठबळावर, १९८५ मध्ये ऑप्टेअर उभी केली. १९८९ मध्ये एमसीडब्ल्यू कंपनीने बस बनवणं सोडलं, तेव्हा तिच्या मेट्रोरायडर या छोट्या बसचे हक्क ऑप्टेअरने घेतले. मेट्रोरायडर ही मुळातच बस म्हणून आखलेली, व्हॅनला ठोकूनठाकून केलेली नव्हे. पायऱ्यांचं दुखणं मात्र तसंच राहिलं.

त्यावरचं उत्तर १९९७ मध्ये आलं: सोलो. दार चाकाच्या पुढे असलं की चढणाऱ्याला पुढच्या दोन चाकांच्या खोबणींमधून वाट काढावी लागते, आणि अरुंद बसमध्ये ती वाट फारच आवळते. सोलोत चाकं पुढे सरकली, ड्रायव्हर त्यांच्या वर बसला, इंजिन मागे गेलं. दारातून पाऊल टाकलं की थेट सपाट, सखल जागा. व्हीलचेअर आत येते, बाबागाडी मिटावी लागत नाही. मागच्या आसनांकडे जाताना तेवढी पायरी लागते. सुरुवातीच्या सोलोचं तोंड मला तरी बेडकासारखं वाटतं, पण थांब्यावर पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या आजीबाईंना त्याचं काय?

सोलो खपली, गावोगाव पोचली. २००७ मध्ये तिची नवी आवृत्ती, सोलो एसआर, आली. पुढे विजेवर चालणारी सोलोही निघाली. २०११ मध्ये कारखाना लीड्सहून शेरबर्न-इन-एल्मेटला हलला. दरम्यान २०१० मध्ये आपल्या अशोक लेलँडने कंपनीत हिस्सा घेतला, २०१२ मध्ये तो ७५ टक्क्यांवर नेला, आणि २०२० मध्ये ऑप्टेअरचं नाव झालं स्विच मोबिलिटी.

मुंबईकरांना हे नाव ओळखीचं वाटेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेस्टच्या ताफ्यात आलेली वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर स्विचचीच. ती बनते भारतात, आणि तिच्यात सोलोचं काही शोधू नका. घराणं तेवढं एक. तिकडे यॉर्कशायरमध्ये मात्र मार्च २०२५ मध्ये कंपनीने शेरबर्नच्या कारखान्यातलं उत्पादन थांबवण्याचा प्रस्ताव कामगारांपुढे ठेवला.