थंड नळीची पहिली गोळी

(दृश्य: बालाघाटाच्या उतारावरचं शिवार, पहाट. हुरड्यात आलेली ज्वारी. मधेच आडवा पडलेला पट्टा.)

निवेदन:

ज्वारी हुरड्यात आली की रात्री रानडुकरं उतरतात. खातात थोडं, लोळवतात जास्त. हा पट्टा काल रात्रीचा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजही माणसं बांधावर शेकोटी करून, पत्र्याचे डबे वाजवत जागल करतात. आमच्या घरात रायफल आहे, तरी आम्हीही डबेच वाजवतो.

कारण साधं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. बंद झाली ते बरंच झालं, नाहीतर या माळावर काळवीट दिसलं नसतं. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती हातात नसेल तोवर रायफल कपाटात, कुलपात.

पण ती परवानगी मिळाली, तर हातातलं हत्यार कसं असावं? जखमी डुक्कर उसात शिरलं तर ते रात्रभर तडफडतं आणि सकाळी ऊसतोडीला गेलेल्या बाईवर चाल करून येतं. म्हणून रायफल निवडणं हा मला हौसेचा विषय वाटत नाही.

(दृश्य: ओसरी. सतरंजीवर ठेवलेली रायफल. दस्त्यावर ऊन.)

1948 च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या आणि वाड्यावाड्यांतून वस्तू विकायला निघाल्या. आजोबा सांगायचे, त्यांच्यासमोर दोन रायफली ठेवल्या होत्या. एक लंडनची दुनळी. चांदीची वेलबुट्टी, अक्रोडाचा दस्ता, मखमलीची पेटी. दुसरी काळपट, एकनळी, 275 बोर, म्हणजे नळी आतून 0.275 इंच. बोल्ट जर्मन माऊझर घाटाचा; बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा. सोबतचे सगळे दुनळीभोवती जमले. आजोबांनी दुसरी उचलली, पैसे निजामाच्या हाली सिक्क्यात मोजले आणि घरी आले.

लोक हसले म्हणे. पण आजोबांचा हिशोब पक्का होता. दुनळीच्या दोन नळ्या एका ठरावीक काडतुसावर आणि ठरावीक पल्ल्यावरच एका ठिकाणी मिळतात. काडतूस बदललं की दोन्ही गोळ्या दोन वाटांनी जातात. आणि ते काडतूस यायचं इंग्लंडहून.

(दृश्य: बोल्ट मागे येतो. पोलादी नखी अगदी जवळून.)

ही पोलादाची लांब नखी पाहा. 1898 च्या माऊझरची ही खरी करामत. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की नखी त्याची कड धरते आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाईत बोल्ट अर्धाच मागे आला आणि पुन्हा पुढे ढकलला, तरी दुसरं काडतूस पहिल्यावर चढून अडकत नाही. समोर जनावर असताना याचं मोल कळतं. कुमाऊँत जिम कॉर्बेटना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर 1907 मध्ये भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची रायफलही याच माऊझर बोल्टवरची, याच बोरची.

(दृश्य: नळीतून आरपार. आट्यांचा पीळ.)

नळी उजेडाकडे धरून पाहायची. आत पीळ घेतलेले आटे असतात, ते गोळीला गिरकी देतात. आट्यांच्या कडा धारदार हव्यात, मधे काळे खड्डे नकोत. आणि नळीचं तोंड. गोळी नळीला शेवटची शिवते ती इथे. इथली कड एका बाजूनं झिजली, तर बाहेर पडतानाच गोळीला झोल बसतो. पुष्कळ जुन्या रायफली गजानं तोंडाकडून साफ करून करूनच बिघडल्या आहेत. माऊझरचा बोल्ट काढता येतो, तेव्हा गज मागून घालावा.

आजोबा एवढ्यावर थांबत नसत. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळून नळीत खारट थर बसायचा. तो ओल धरतो आणि रात्रीत गंज चढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून बार काढून आले की ते बंबातलं कढत पाणी नरसाळ्यानं नळीत ओतत, मग कापडाची बोळी, मग तेल. आजी ओरडायची, "पोरांच्या अंघोळीचं पाणी संपलं!" त्या पाण्यामुळेच सत्तरेक वर्षांनी ही नळी आरशासारखी आहे.

(दृश्य: फायरिंग रेंज. पुठ्ठ्यावर तीन भोकं.)

आजोबांनंतर परवाना माझ्या नावावर झाला. रेंजवर 100 मीटरवर तीन गोळ्या झाडल्या. थंड नळीची पहिली गोळी चार बोटं डावीकडे गेली, पुढच्या दोन आणखी डावीकडे. मला वाटलं, नळीच गेली.

छत्रपती संभाजीनगरला एक परवानाधारक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी नळी पाहिली, खिशातून दहाची नोट काढली, नळी आणि लाकडाच्या मधे घातली आणि मागे ओढत नेली. वीतभर आत नोट अडकली.

"दादा, नळी सोन्यासारखी हाय. लाकूड भांडतंय तिच्याशी."

आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 वर जातो, श्रावणात भिंतींना ओल येते. लाकूड आटतं, फुगतं, वाकतं. मग ते नळीला एका बाजूनं रेटतं. नळी तापली की तो रेटा बदलतो आणि गोळी जागा बदलते. महागड्या रायफलीसुद्धा या एका कारणानं बदनाम होतात. दुर्बिणीचा सैल स्क्रू हे दुसरं कारण.

आज जर्मनीची ब्लेसर, फिनलंडची साको अशा रायफली 100 मीटरवर सगळ्या गोळ्या साधारण 29 मिलिमीटरच्या आत बसवतात, म्हणजे कलदार रुपयाएवढ्या जागेत. पण 1980 च्या दशकापासून साध्या परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. म्हणून आपल्याकडे भारी रायफल म्हणजे जुनी, हातपालट झालेली आणि नावाच्या भावानं विकली जाणारी.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी काडतुसाचं विचारतो. 275 ची काडतुसं शोधत फिरावं लागतं. पश्चिम बंगालातल्या इशापूरच्या सरकारी फॅक्टरीची 315 बोरची रायफल आहे, तिची काडतुसं देशातच बनतात. तिचा चाप जड आहे, ती दिसायला राकट आहे, पण चांगल्या मिस्त्रीनं चाप आणि दस्ता नीट बसवून दिला तर ती इमानी आहे. आज नव्यानं घ्यायची असती तर मी तीच घेतली असती. आणि घेण्याआधी एकच गोष्ट तपासली असती: थंड नळीची पहिली गोळी, वेगवेगळ्या पाच दिवशी, एकाच पुठ्ठ्यावर. रानात दुसरी गोळी झाडायला सवड मिळेलच असं नाही.

(दृश्य: चाचांचं दुकान. कानशीचा आवाज. लाकडाचा भुसा.)

चाचांनी आतून लाकूड कोरलं, बोल्टच्या घराखाली इपॉक्सीची बैठक ओतली आणि दोन दिवस सुकू दिली. तिसऱ्या दिवशी नोट माझ्या हातात दिली. "आता तूच बघ."

मी ती नळीखाली घातली आणि मागे ओढली. थेट बोल्टच्या घरापर्यंत सरकत गेली.