आतड्याचा बांध

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, सकाळ. भात कापलेल्या रानात मसूर उगवून आलाय.)

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर. भात निघाला की याच रानात, जमिनीतल्या ओलीवर मसूर येतो, हरभरा येतो. आणि इथल्या कितीतरी घरांत आता देवळीत शुगरच्या गोळ्यांचं पाकीट असतं. गोड सगळ्यांनी सोडलंय. चहा बिनसाखरेचा, कुंदा बंद. तेलाचा विषय मात्र कुणी काढत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. कढईत तेल तापतंय.)

"मावशी, महिन्याला तेल किती लागतं?"

"माणसं पाच. पाच किलो तरी जातंय की."

म्हणजे माणशी रोज साधारण 33 ग्रॅम. दाण्यातलं, दुधातलं, मटणातलं वेगळंच.

(दृश्य: उसाचं रान. एक शेतकरी दारं धरतोय.)

ज्यानं उसाला पाणी पाजलंय, त्याला हे लगेच उमजेल. रक्त म्हणजे पाट, साखर म्हणजे पाणी, आणि दारं धरणारा गडी म्हणजे इन्सुलिन. स्नायू हे मोठाले वाफे. टाइप 2 मधुमेहाच्या सुरुवातीला गडी कामावर असतोच, उलट जास्तच राबतो. पण वाफ्यांची तोंडं घट्ट झालेली असतात. खोरं मारूनही फुटत नाहीत आणि पाणी पाटातच तुंबतं.

तोंडं घट्ट होण्याची कारणं बरीच आहेत: पोटावरची चरबी, बैठं काम, घराण्यातला वारसा. त्यांतली एक वाट आतड्यातून येते.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांतल्या काहींच्या कवचात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. आतड्याच्या आत असेपर्यंत त्याचा फारसा उपद्रव नाही. पण तेलकट जेवण पचताना चरबीच्या कणांबरोबर त्याचे तुकडे रक्तात शिरतात. शरीराला वाटतं, हल्ला झाला. ताप येत नाही, काही दुखत नाही, पण आत सूज धुमसत राहते आणि इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचेनासा होतो.

2007 साली बेल्जियमचे संशोधक पात्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना चार आठवडे भरपूर चरबीचं खाणं दिलं. रक्तातला हा पदार्थ दुप्पट-तिप्पट झाला. मग त्यांनी दुसऱ्या उंदरांना साधं खाणं ठेवून नुसता तो पदार्थच टोचत ठेवला. त्यांचीही चरबी वाढली, इन्सुलिनचं काम बिघडलं. एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे: चरबीच्या त्या खाण्यातले 72 टक्के उष्मांक चरबीचे होते. असं ताट आपल्याकडे कुठल्याच घरात वाढत नाहीत.

चरबी कुठली, यानंही फरक पडतो. 2015 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या एका गटाला डुकराची चरबी दिली, दुसऱ्याला तितकंच माशाचं तेल. सूज पहिल्या गटात जास्त, आणि दोन्ही गटांच्या आतड्यातली जिवाणूंची वस्तीही वेगळी.

माणसांचं काय? 2012 साली ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ माणसांच्या विष्ठेतले जिवाणू स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांत त्यांच्या शरीराला इन्सुलिन अधिक लागू पडू लागलं. पुढच्या अभ्यासात दिसलं, की हा गुण टिकत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. नवी वस्ती आणून बसवली तरी तिला रोज खायला घालावं लागतं.

(दृश्य: खानापूर तालुका. नाचणीची भाकरी तव्यावर फुगतेय.)

जिवाणूंच्या या वस्तीचं खाणं म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा. नाचणी, हुलगे, मसूर, सालासकटची डाळ. त्यावर जिवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. अस्तर धडधाकट असलं की बांध पाझरत नाही. ताटातून चोथा गेला, वर तेल वाढलं, तर दोन्हीकडून मार बसतो.

गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी सोडू नयेत.

(दृश्य: रात्र. मावशी डब्यातून हुलगे काढतात.)

"सासूबाई हुलग्याचं माडगं करायच्या. पोरं नको म्हणतात, म्हणून मी सोडलं."

हुलगे पातेल्यात पडतात. वरून पाणी. मावशी झाकण ठेवतात आणि दिवा मालवतात.