मागून घेतलेलं पुराण

(पडद्यावर: जुवारी नदी, काठावरचं राशोल)

गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, जुवारी नदीच्या काठी राशोल आहे. 1616 साली इथल्या जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक पाद्रीसंघाच्या, छापखान्यातून एक भलंमोठं पुस्तक बाहेर पडलं. लिपी रोमन, भाषा मराठी, मधूनमधून कोंकणी शब्द, आणि सगळं ओवीत. ज्ञानेश्वरीत ओव्या नऊ हजारांच्या आसपास. इथे जवळजवळ 11,000. आदामापासून सुरू झालेली कथा येशूच्या जन्मापर्यंत, मरणापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत जाते.

लेखक फादर थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्याला उतरले, आणि 1619 मध्ये इथल्याच मातीत विसावले. त्यांच्या ग्रंथाला आपण आज ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो.

फादर स्टीफन्स यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एका इंग्रजानं मराठीचं एवढं कौतुक करावं, याचं आपल्याला अप्रूप वाटतं आणि ते साहजिकही आहे. पण या पुस्तकाला वाचक कोण मिळाले? ज्यांना मिळालं, त्यांनी त्याचं काय केलं? आपली ही फिल्म त्या माणसांची आहे.

त्यांची पहिली भेट पुस्तकातच होते. सुरुवातीच्याच ओव्यांमध्ये एक प्रसंग आहे. साष्टीत धर्मशिक्षण चालू आहे, पाद्रीगुरू शिकवताहेत. तेवढ्यात नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडतो. म्हणतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत. मग आमच्यासाठी दुसरं पुराण का रचत नाही?

हा प्रश्न हलका नाही. त्याआधीच्या काही दशकांत साष्टीतली देवळं पाडली गेली होती. घरात जुन्या पोथ्या ठेवण्याचीही चोरी होती. ज्या माणसांच्या संध्याकाळी पुराण ऐकण्यात जात होत्या, त्यांच्या हातात आता प्रश्नोत्तरांची शिकवणी उरली होती. शिकवणीतून धर्म कळतो, पण गोष्टीची भूक तिनं भागत नाही. त्या माणसानं ती भूक बोलून दाखवली आणि लेखकानं ती ऐकली. आपल्या ग्रंथाचं कारण म्हणून तो प्रश्न त्यांनी आरंभालाच नोंदवून ठेवला. मला यातला प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. बंदी घालणाऱ्यांच्याच बाजूचा माणूस इथे कबूल करतोय, की यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलंय आणि त्याची भरपाई द्यायला हवी.

भरपाई दिली तीही ऐकणाऱ्यांच्या सवयीची. ग्रंथाचा आरंभच ‘ओं नमो विश्वभरिता’ असा. स्वर्ग म्हणजे वैकुंठ. पाद्रीगुरू कथा सांगतात, मध्येच श्रोता शंका काढतो, गुरू तिचं निरसन करतात आणि कथा पुढे सरकते. पुराणिकापुढे बसलेल्या कुणालाही ही रीत ओळखीची होती.

(पडद्यावर: एक ओवी, ओळीमागून ओळ उमटते)

मराठीची थोरवी सांगणारी यातली एक ओवी बघा. हरळ म्हणजे खडे, चोखळा म्हणजे निर्मळ.

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कीं रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

रत्नकिळा, निळा, चोखळा. तीन चरणांना यमक, आणि चौथा आखूड चरण आला की सूर खाली बसतो. तिथे श्वास घ्यायचा आणि पुढची ओवी उचलायची. एकट्यानं मनात वाचण्यापेक्षा चार माणसांत मोठ्यानं म्हणण्यासाठीच ही बांधणी आहे. लोक म्हणतही तसंच. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये हे पुराण गायलं जाई, घरोघरीही वाचलं जाई. ज्याला अक्षर येत नव्हतं तोही अशा रीतीनं या पुस्तकाचा वाचक झाला.

1649 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, 1654 मध्ये तिसरी. त्यानंतर छपाई थांबली ती 1907 पर्यंत. अडीचशे वर्षं!

या काळात गोव्यात काय चाललं होतं? 27 जून 1684 ला पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक होताच, तो 1812 पर्यंत राहिला. सतराव्या शतकात छापलेल्या त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही.

ग्रंथ तरीही टिकला, कारण वाचकांनी तो हातानं उतरून घेतला.

अकरा हजार ओव्या म्हणजे चव्वेचाळीस हजार चरण. शिवाय मराठी आवाज रोमन अक्षरांत, पोर्तुगीज वळणानं बसवलेले. उतरवणाऱ्यानं एक अक्षर इकडचं तिकडे केलं की अर्थ गेला. दौत, टाक, कागद आणि महिनोन्‌महिने लागणारा वेळ, हे सगळं घरचं. एक प्रत जीर्ण होण्याआधी दुसरी व्हायला हवी, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कुणीतरी पुन्हा बसायला हवं. आज आपण लेखकाच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे पुस्तक विकत घेणं, चार जणांना सांगणं असं समजतो. या माणसांनी आपल्या डोळ्यांची आणि बोटांची मेहनत दिली, तीही ज्याला कधी पाहिलं नाही अशा लेखकासाठी.

गोव्यातून ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला कॅनरात, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या किनाऱ्यावर, जाऊन वसली, तेव्हा पोथ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. 1784 मध्ये टिपू सुलताननं मंगळूरच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं. 1799 पर्यंत ती कैद चालली. त्या वर्षांत या पुराणानं धीर दिला, असं मंगळूरची माणसं सांगत आली.

(पडद्यावर: नकाशा, वसईपासून मंगळूरपर्यंतची किनारपट्टी)

उत्तर कोकणातही अशीच एक वाचकमंडळी होती, तिचं पुराण मात्र वेगळं. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या फ्रान्सिस्कन पाद्रीनं येशूच्या दुःखभोगाची कथा मराठीत रचली आणि ती 1659 मध्ये छापली गेली. वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती समाजात ती इतकी रुजली, की एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावी लागली.

स्टीफन्स यांच्या ग्रंथाला छापखाना पुन्हा दिसला तो मंगळुरात. जोसेफ सालढाणा यांनी घराघरांतली हस्तलिखितं मिळवली, एकमेकांशी ताडून पाहिली आणि 1907 मध्ये रोमन लिपीतच आवृत्ती काढली. घरांनी पोथ्या जपल्या नसत्या, तर सालढाणांकडे ताडायला काहीच नसतं. विद्वानाच्या कामाचं मोल आहेच, पण त्याच्या आधीची दोन-अडीच शतकं ज्यांनी निभावली, त्यांची नावं कुठल्याही मुखपृष्ठावर नाहीत.

पुढे लंडनला विल्यम मार्सडेन या इंग्रज प्राच्यविद्या अभ्यासकाच्या संग्रहात या पुराणाची देवनागरी हस्तलिखितं असल्याचं जस्टिन अ‍ॅबट यांनी ओळखलं. हे तेच अमेरिकन मराठी मिशनचे अ‍ॅबट, ज्यांनी आपल्या संतांची चरित्रं आणि अभंग इंग्रजीत नेले. तुकोबा ज्यांच्या रोजच्या वाचनात, त्यांच्याच नजरेला ही ओवी पडली, याचा मला आनंद होतो.

1956 मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. ख्रिस्ती घरांनी सांभाळलेलं हे पुराण तेव्हा साऱ्या मराठी वाचकांसमोर त्यांच्या रोजच्या लिपीत आलं. त्यानंतर सेल्सियन पाद्री डॉ. नेल्सन फलकाव यांनी 2009 मध्ये मूळ ओव्यांबरोबर आजच्या मराठीतलं गद्यही दिलं. जुन्या भाषेला बिचकणाऱ्यानं आधी गद्य वाचावं आणि मग ओवीकडे वळावं. वळल्यावर मात्र ती मोठ्यानं म्हणावी, शक्यतो घरातली दोन-चार माणसं समोर बसवून.