झऱ्याचं माहेर

श्रोतेहो, नमस्कार.

परवा आमच्या प्रयोगशाळेत एक खोकं आलं. आत साठेक छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. 'शाळेमागचा आड.' 'खालच्या आळीतला हातपंप.' 'देवळाजवळचा झरा, होळीनंतर आटतो.' खाली तारीख, वेळ, पाण्याचं तापमान. गेली बावीस वर्षं माझ्या कामाची सुरुवात अशा चिठ्ठ्या वाचण्यापासून होते. झऱ्याचं पाणी बाहेर कुठे पडतं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ते जमिनीत शिरलं कुठे, हे मात्र कुणालाच दिसत नाही. नारळ तळहातावर ठेवून शेतातून फिरणारा पाणाडी कुठे खणायचं ते सांगतो. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हे पाणी इथे आलं कुठून, आणि कधी निघालं होतं?

त्याचं उत्तर पाण्यातच असतं. पाणी म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, हे आपण शाळेत शिकलो. पण ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक सोळा वजनाचे, आणि साधारण पाचशेंत एक अठरा वजनाचा. हायड्रोजनमध्येही सहा-साडेसहा हजारांत एक अणू दुप्पट वजनाचा निघतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात. हॅरल्ड युरी यांनी तो 1931 मध्ये शोधला आणि 1934 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाच मूलद्रव्याच्या अशा कमी-जास्त वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. आम्ही बोलताना आयसोटोपच म्हणतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आयसोटोप म्हटलं की लोक बिचकतात. एका गावात आम्ही विहिरीवर बाटल्या भरत होतो, तर एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, आमच्या पाण्यात काही टाकू नकोस गं." त्यांची भीती रास्त होती. मी त्यांना सांगितलं, आजी, आम्ही टाकत काहीच नाही, फक्त नेतो. जड ऑक्सिजन आणि ड्यूटेरियम किरणोत्सर्गी नाहीत. ते तुमच्या माठातल्या पाण्यातही आहेत आणि समुद्रातही आहेत.

आता या वजनाचा उपयोग काय, ते बघा. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी निसटतात आणि जड मागे राहतात. ढगातून पाऊस पडताना उलटं होतं, जड रेणू आधी खाली येतात. ढग डोंगर चढत जातो तसतसं त्याच्याजवळचं जड पाणी संपत जातं आणि वरच्या उतारावरचा पाऊस हलका होतो. शंभर मीटर चढलं की जड ऑक्सिजनच्या प्रमाणात हजारी 0.15 ते 0.5 इतकी घट होते. फरक अगदी बारीक आहे, पण आमची यंत्रं तो पकडतात.

हे केवळ पुस्तकातलं राहिलं नाही, म्हणून मला उत्तराखंडमधल्या गौचरची हकीकत सांगायची आहे. चमोली जिल्ह्यात, अलकनंदेच्या खोऱ्यातला हा भाग. तिथले लोक झऱ्यांवर जगतात आणि ते झरे उन्हाळ्यात रोडावत चालले होते. नदी खाली वाहताना दिसते, पण ती खूप खोलात. ते पाणी डोक्यावरून वर कोण आणणार? तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 'हेस्को' या स्थानिक संस्थेबरोबर काम केलं. डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवर पावसाचं पाणी गोळा केलं आणि कोणत्या उंचीवरचा पाऊस किती हलका, याचा हिशेब मांडला. मग झऱ्यांचं पाणी तपासलं. झऱ्यातल्या पाण्याचं वजन ज्या उंचीच्या पावसाशी जुळलं, तिथे त्या झऱ्याचं माहेर.

मग त्या उंचीवर, नेमक्या त्याच उतारांवर, समतल चर खणले, छोटे बंधारे घातले, जमिनीखाली पाणी अडवणाऱ्या भिंती बांधल्या. झऱ्यांचं पाणी वाढलं. 2008 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं. मी तो निबंध आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देते. आपण सहसा चर खणतो ते जमीन मिळेल तिथे, रस्ता पोचेल तिथे. झरा एका कुशीत आणि चर भलत्याच कुशीत, असं मी आपल्या डोंगरांत पाहिलं आहे. लोकांनी घाम गाळलेला असतो. तो घाम योग्य जागी गळावा, एवढ्यासाठी मला हे बाटल्या तपासण्याचं काम मोलाचं वाटतं.

पाण्याच्या वयाची गोष्ट वेगळी. त्यासाठी दुसरे आयसोटोप लागतात आणि ते मात्र किरणोत्सर्गी असतात. निसर्गात ते इतके अत्यल्प असतात की ते मोजणंच मोठं कष्टाचं काम आहे. ट्रिटियम म्हणजे तिप्पट वजनाचा हायड्रोजन. दर 12.3 वर्षांनी तो निम्मा होतो. एकावर अठरा शून्यं इतक्या हायड्रोजनच्या अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू, हे आमचं मोजण्याचं एकक. पन्नास-साठच्या दशकांत झालेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे 1963 च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या पावसात तो नैसर्गिक पातळीच्या शेकडो पट वाढला होता. माणसाने केलेल्या त्या भयंकर उद्योगाची खूण पुढे कित्येक वर्षं भूजलाचं वय काढायला वापरली गेली. आता ती जवळपास पुसली आहे. म्हणून आम्ही अर्धा लिटर पाण्यात दिवसेंदिवस वीज सोडून ते दहा-पंधरा मिलिलिटरवर आणतो, म्हणजे ट्रिटियम त्यात साठतो, आणि मग तासन्‌तास मोजत बसतो.

त्याहून जुन्या पाण्यासाठी कार्बन-14, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बनमधला किरणोत्सर्गी आयसोटोप. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा काळ, 5730 वर्षं. पूर्वी त्यासाठी विहिरीवरच शंभरेक लिटर पाणी पिंपात भरून, रसायनं घालून, तळाशी बसलेला पांढरा साका बाटलीत भरून आणावा लागे. आता थोडक्या पाण्यात भागतं. राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला खोल विहिरींच्या पाण्यात ट्रिटियम जवळपास सापडला नाही आणि कार्बनने वय सांगितलं हजारो वर्षांचं. आजचा पाऊस त्या पाण्यात भर घालत नाही. इजिप्त, लिबिया, चाड आणि सुदानच्या खाली पसरलेल्या नुबियन वालुकाश्मातलं पाणी तर काही ठिकाणी लाखो वर्षांचं आहे. असं पाणी उपसणं म्हणजे आजोबांच्या ठेवीतून काढणं. व्याज नाही, मुद्दलच.

आणि आपल्या कोकणातली गरम पाण्याची कुंडं? वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी. तेही मुख्यतः पावसाचंच पाणी. खोल भेगांतून खाली उतरलेलं, तिथल्या उष्णतेनं तापून वर आलेलं.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या बसाल्टच्या थरांनी झाकला आहे. या खडकात पाणी असतं ते भेगांत, झिजलेल्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यांत. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन बोअरची नाती वेगवेगळी निघतात. एक वरच्या ओढ्याची, दुसरी पलीकडच्या टेकडीची.

आता मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

एका पाझर तलावाखालच्या विहिरींचं पाणी आमच्याकडे आलं होतं. तलावाचं पाणी उन्हानं आटतं, त्यामुळे ते जड होतं. खालच्या विहिरींचं पाणीही तसंच जड निघालं, तर तलाव विहिरींना पाणी देतो असा अर्थ लागतो. मी आलेखावर ठिपके मांडले. सगळे तलावाच्या रेषेवर ओळीनं बसले. मी आनंदानं फोन केला, "तलाव पाझरतोय." तिकडच्या लोकांनी ते ग्रामसभेत सांगितलंसुद्धा.

चार दिवसांनी फेरतपासणीसाठी बाटल्या काढल्या, तर काहींतलं पाणी खांद्याच्या खाली उतरलेलं. झाकणं सैल होती. त्या बाटल्या भर मे महिन्यात आठवडाभर गाडीत राहिल्या होत्या. विहिरींचं पाणी बाटलीतच उडत होतं आणि मी त्याला तलावाचं नाव दिलं होतं. पुन्हा जाऊन नमुने घेतले. विहिरींना पाणी पावसाचंच होतं, तलावाचं नव्हतं. मग ग्रामसभेत जाऊन मी ते स्वतः सांगितलं. गाळ काढायला लोकांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली होती. मागे बसलेल्या एका माणसानं काही न बोलता आपली वही मिटली, ते मला आजही दिसतं.

तेव्हापासून खोकं उघडलं की यंत्राकडे जाण्याआधी मी प्रत्येक बाटली उजेडात धरून बघते. काठोकाठ भरली आहे का, बुडबुडा आहे का, झाकण पक्कं आहे का. यंत्राचंही तसंच. आमचं यंत्र लेझरच्या प्रकाशानं मोजतं. एका वेळी सुईतून पाण्याचा एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश आत जातो. पण हिंगाच्या डब्यात साखर भरली तर पहिल्या चमच्याला हिंगाचा वास येणारच. यंत्रातही आधीच्या पाण्याचा अंश रेंगाळतो. म्हणून प्रत्येक नमुना पाच-सहा वेळा सोडतो आणि पहिले आकडे टाकून देतो.

1961 पासून व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था जागतिक हवामान संघटनेबरोबर जगभरच्या पावसाच्या पाण्याची अशी नोंद ठेवते आहे. महिन्याला एक बाटली. त्या जुन्या नोंदींत मुंबईचा पाऊसही आहे. कोणीतरी दर महिन्याला न चुकता ती बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, म्हणून आज आम्हाला तुलना करता येते.

मला गावोगाव एक प्रश्न विचारतात, "मॅडम, आमचं पाणी किती दिवस पुरेल?" ते आमच्या बाटलीतून कळत नाही. पाणी कुठून आलं आणि किती जुनं, एवढंच कळतं. किती आहे, ते विहिरीची पातळी सांगते, आणि ती तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. कुठल्या वर्षी तळ दिसला, कुठल्या पायरीला पाणी येऊन थांबतं, पहिला टँकर कधी लागला. उद्या तुमच्या विहिरीवर कोणी बाटली घेऊन आलं, तर हे त्यांना जरूर सांगा. ते चिठ्ठीवर लिहून घेतील. आणि झाकण जरा तुम्हीही घट्ट करून बघा.

नमस्कार.