पोराच्या नावाचे पैसे

(दृश्य: पत्र्याचं घर. दारात आई, शेजारी दोन मुलं. समोर मोबाईल धरलेला फोटोवाला.)

हा फोटो हौसेचा नाही. बाल संगोपन योजनेच्या अर्जाला तो लागतो. पालक आणि मुलं, घरासमोर उभी, पोस्टकार्ड आकारात. सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकाची झेरॉक्स. फोटोवाला विचारतो, "ताई, हसरा काढू का असाच?" त्याबद्दल शासन निर्णयात काही लिहिलेलं नाही.

आई-वडील दोघं गेलेत, किंवा दोघांतलं एकच उरलंय, किंवा पालक तुरुंगात आहे, दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलाय, अशा घरातल्या मुलाला बालगृहात पाठवण्यापेक्षा ते आपल्या माणसांत वाढावं, म्हणून महाराष्ट्र सरकार हे पैसे देतं. बरीच वर्षं ही रक्कम महिन्याला 425 रुपये होती. कोविडनंतर ती 1,100 झाली आणि एप्रिल 2023 पासून 2,250. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती चालते, पण दरवर्षी नूतनीकरण करून.

रक्कम महिन्याची ठरलेली आहे. येते मात्र वरून अनुदान आलं की. चार महिन्यांची, सहा महिन्यांची, कधी त्याहूनही जास्त थकलेली, सगळी एकदम. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं जे दिसणार आहे, त्यातलं बरंचसं तिच्यामुळंच घडतं.

(दृश्य: बीड जिल्हा. तालुक्याचं गाव, बसस्थानकामागची गल्ली.)

या ताईंचं नाव आम्ही सांगत नाही. नवरा 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. घरात त्या, सासूबाई, यंदा नववीला गेलेली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दिवसभर रोजानं खुरपणी, काम नसेल तेव्हा घरी शिलाई. दोन मुलांचे महिन्याचे 4,500 होतात. सहा महिन्यांचे मिळून 27,000 रुपये मे महिन्याच्या शेवटी जमा झाले.

बँकेची शाखा लांब, म्हणून पैसे काढायचे ते ग्राहक सेवा केंद्रात, अंगठा लावून. एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत. भांगलून भांगलून बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीन दोनदा अंगठा नाकारतं. केंद्रवाला म्हणतो, "वहिनी, हात धुऊन या, नाहीतर दुसरं बोट लावा."

पहिली थप्पी जाते किराणा दुकानात. दुकानदाराच्या लांबुळक्या वहीत त्यांचं पान आहे. तेलाचा पुडा, साखर, चहापत्ती, कपड्याचा साबण, बिस्किटाचा पुडा, पुन्हा तेल. मधेच एक ओळ: कंपासपेटी. सहा महिने हेच चाललंय. आता सांगा, यातलं मुलांचं कोणतं आणि आजीचं कोणतं? त्या तेलात जी भाजी झाली ती चौघांनी खाल्ली. चहा सासूबाईंचा म्हणावा, तर बिस्किट पोरानं त्याच चहात बुडवलं.

"मिटवलं नाही तर पुढच्या महिन्यात माल कोण देईल?" ताई विचारतात. उत्तराची वाट न बघता पिशवी उचलतात.

दुसरी रक्कम कर्जाच्या हप्त्यात. नवरा दवाखान्यात होता तेव्हा बायकांच्या गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज उचललं होतं. ते फेडायला मग दुसरं. कागदावर बघितलं तर या खर्चाचा मुलांशी काही संबंध नाही. पण हप्ता चुकला की गटातल्या बायका दारात येऊन बसतात, कारण एकीचा हप्ता थकला की भार बाकीच्यांवर येतो. मुलगी शाळेतून येते तेव्हा त्या ओट्यावर बसलेल्या असतात. तिच्या अभ्यासाचा खर्च मोजायला बसलो, तर हा हप्ता कुठल्या रकान्यात टाकायचा, हे आम्हाला ठरवता आलं नाही.

उरलेल्या पैशांतून शाळा. इथं एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावं का माहीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारी खिचडी मिळते. पोर नववीला गेली की तिन्ही एकाच जूनमध्ये बंद. सरकारच्या हिशोबात चौदाव्या वर्षी मुलीची भूक कमी होत असावी. एसटीचा पास मात्र मुलींना बारावीपर्यंत फुकट, तेवढं एक बरं. म्हणजे ज्या वर्षी पोरीचा खर्च एकदम चढतो, त्या वर्षी त्या 2,250 ची खरी गरज. आणि ते पैसे नेमके जूनमध्येच हातात असतील, असं कोणीच सांगू शकत नाही. यंदा मेमध्ये आले म्हणून गणवेश, वह्या, चपला झाल्या. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आले होते. तेव्हा जूनच्या वह्या उधारीवर आणल्या, आणि नंतर त्या उधारीतच मिटल्या.

शेवटी रिचार्ज. गल्लीत चर्चा याचीच. "पोरांच्या पैशावर मोबाईल चालवते." शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, हे त्याच गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उधारी कोणाला दिसत नाही, हप्ता दिसत नाही. हातातला मोबाईल तेवढा दिसतो.

(दृश्य: पॅरिसच्या उपनगरातलं सुपरमार्केट. वह्या आणि दप्तरांचे रॅक.)

हा संशय काही आपल्याच गल्लीतला नाही. फ्रान्समध्ये बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना शाळा सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, मुलामागं एक भत्ता मिळतो. 1974 पासूनची पद्धत आहे. 2021 मध्ये तिथले शिक्षणमंत्री झां-मिशेल ब्लांकेर जाहीरपणे म्हणाले, की सप्टेंबरात मोठ्या पडद्याचे टीव्ही जास्त खपतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मोठा गदारोळ झाला. लोकांनी पुरावा मागितला. भत्ता वाटणाऱ्या संस्थेनं आधी कुटुंबांना विचारलं होतं, तेव्हा समोर आलं होतं ते कपडे, बूट, दप्तर आणि वह्या. तरी टीव्हीची कथा दर उन्हाळ्यात परत येते. पॅरिस काय नि परळी काय, गरिबाच्या पिशवीत डोकवायला सगळ्यांना आवडतं.

पैसे खरंच मुलांवर जातात का, याचं थोडंफार नीट उत्तर मिळालं ते ब्रिटनमध्ये. तिथं मुलांसाठी भत्ता असावा म्हणून एलेनॉर रॅथबोन ही खासदार बाई पंचवीसेक वर्षं लढली. 1945 मध्ये कायदा आला. पण सरकारच्या मसुद्यात पैशावर हक्क बापाचा! तिनं ठणकावलं, असं असेल तर माझ्याच मागणीच्या विधेयकाविरुद्ध मी मत देईन. सरकार वरमलं आणि भत्ता आईच्या नावावर गेला. ऑगस्ट 1946 मध्ये पोस्टात पहिले पैसे वाटले गेले, दुसऱ्या मुलापासून पुढं दर मुलामागं आठवड्याला पाच शिलिंग. रॅथबोन त्याच वर्षी जानेवारीत वारली होती.

त्यानंतरही मुलांसाठीच्या मदतीचा मोठा वाटा करसवलतीतून मिळे. म्हणजे तो बापाच्या पगारातच राही. 1977 ते 1979 दरम्यान ती सवलत काढून टाकली आणि सगळी रक्कम आईच्या हाती दर आठवड्याला द्यायला सुरुवात झाली. घरं तीच, मदतही साधारण तेवढीच, हात तेवढे बदलले. पुढं अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातले घरखर्चाचे आकडे तपासले. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. 1997 मध्ये हा अभ्यास छापून आला.

आणखी एका अभ्यासात उलटंच काही सापडलं. भत्ता अचानक, अपेक्षा नसताना वाढला की जादाचे पैसे बरेचसे मोठ्यांच्या गोष्टींवर जात, अगदी दारूवरही. बातमीला मथळा तयार! पण अभ्यासकांनी लावलेला अर्थ वेगळा होता. आई-बापांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून मुलांचं आधीच भागवलेलं असतं. म्हणून वरचा पैसा आला की सैल होतो तो त्यांचाच चिमटा. बीडच्या ताईंनी तीन वर्षांत स्वतःला नवी साडी घेतलेली नाही. उद्या रक्कम वाढली आणि त्यांनी एक साडी घेतली, तर ते मुलांचे पैसे उडवणं ठरेल का? आमच्या मते नाही.

(दृश्य: दुसरं गाव. म्हातारी आजी, दोन नातवंडं.)

पैसे वाया जातच नाहीत, असं मात्र नाही. इथं आई-वडील दोघंही नाहीत. सांभाळते आजी, आणि पासबुक, एटीएम कार्ड दोन्ही चुलत्याच्या खिशात. पैसे आले का, विचारलं तर आजी म्हणते, "त्यो सांगंल." त्यो घरी नव्हता. नातवाच्या पायात आजोबांच्या मापाच्या स्लीपर होत्या.

गृहभेटीला येणारे कार्यकर्ते वह्या बघतात, मूल शाळेत जातं का विचारतात. ते हवंच. पण किराण्याची पावती मागण्याआधी त्यांनी पासबुक कोणाकडं आहे, एवढं विचारावं. आणि कार्यालयांनी आपली एक तारीख पाळावी. ताईंना ती तारीख कोणती हवी, असं आम्ही विचारलं.

"कुठली बी चालंल. पाच म्हणा, दहा म्हणा. मग दुकानदाराला मी तीच सांगीन."

दरमहा 2,250 आले तर उधारीचं पान एवढं लांबत नाही. सहा महिन्यांचे 13,500 एका मुलामागं एकदम आले, तर ते येण्याआधीच खर्च झालेले असतात. घरात वाटण्याजोगं फारसं उरतच नाही.

तरी नव्या योजनाही मोठ्या गठ्ठ्याकडंच झुकतात. पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डाच्या घरांसाठी आलेली लेक लाडकी योजना बघा. 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मावेळी 5,000 रुपये, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000. एकूण 1,01,000 पैकी 75,000 मात्र अठरा पूर्ण झाल्यावर, एकरकमी. हेतू स्वच्छ आहे: बालविवाह टळावा, मुलगी शिकावी. पण नववीचा जून, जिथं गणवेश, पुस्तकं आणि खिचडी तिन्ही सुटतात, तिथं या वेळापत्रकात काहीच नाही. आणि अठरा हे तर कायद्यानं लग्न लावता येण्याचं वय. घरात 75,000 येणार आहेत हे सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही ठाऊक असेल.

पहिल्या मुली 2041 च्या एप्रिलमध्ये अठराच्या होतील. शेवटच्या हप्त्यासाठी त्यांना मतदार यादीत नाव असल्याचा दाखला आणि लग्न झालं नसल्याची घोषणा जोडावी लागेल. त्या पैशाचं पुढं काय करायचं, याबद्दल अर्जात रकाना नाही. तो नसावाच. फक्त तोवर पासबुक मुलीच्या हातात असावं.