3 फुटांचं जोतं, 36 फुटांचा उतार

(शहर दिव्यांगांना विनाअडथळा वापरता यावं यासाठीच्या आराखड्याबद्दल जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून जोत्यापासून सुरुवात करतो.

आपल्याकडे जोतं, म्हणजे इमारतीचा जमिनीच्या वर उचललेला पाया, उंच घेतात. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून, आणि सरकारी इमारत भारदस्त दिसावी म्हणूनही. जोतं 3 फूट धरा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे रॅम्पचं साधं गणित. म्हणजे 36 फूट उतार लागतो आणि मध्ये दम खायला एक सपाट टप्पा. मी एका कार्यालयात टेप लावून पाहिली, तर तिथला रॅम्प 11 फुटांचा निघाला. त्यावर व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरताना बसलेल्याचा जीव मुठीत असतो. दप्तरी नोंद मात्र ‘रॅम्प आहे’ अशीच.

त्याच कार्यालयाच्या पायरीशी तीनचाकी सायकलवर एक आप्पा बसले होते. त्यांचे कागद घेऊन दुसराच कोणीतरी वर गेला होता. मला पाहून त्यांनी अहिराणीत विचारलं, “साहेब आठेच येतीन का भाऊ?” म्हणजे, साहेब इथेच येतील का? त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दल वर काय बोलणं चाललंय, ते त्यांच्या कानावर पडत नव्हतं. मला टोचलं ते हेच.

कायद्याची बाजू भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. 1995च्या कायद्यात ती सातच होती. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येतील अशा, करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017मध्ये आले, म्हणजे मुदत जून 2022लाच संपली. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024च्या निकालात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत.

मग शहरातले अडथळे काढायचा आराखडा कसा करायचा? अमेरिकेतली एक गोष्ट मला इथे उपयोगाची वाटते. तिथे 1990मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. बांधकामात बदल करावे लागणार असतील, तर 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नगरपालिकांनी जुलै 1992पर्यंत आराखडा करायचा होता. त्यात चार गोष्टी हव्या होत्या: अडथळा कुठे आहे, तो कसा काढणार, कधी काढणार, आणि जबाबदार अधिकारी कोण. चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ‘संबंधित विभाग कार्यवाही करेल’ या वाक्यात माणूसच नसतो, मग विचारायचं कोणाला?

पण आराखडा आपल्या मातीतला हवा. खानदेशातला मे महिना आठवा, पारा 44-45च्या घरात. रॅम्पच्या कडेचा स्टीलचा कठडा दुपारी हाताने धरून पाहा, चटका बसतो. ज्याचा सगळा भार हातांवर आहे त्याने काय धरायचं? कठड्यावर सावली हवी, किंवा न तापणारं आवरण तरी. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या अनेकांना पुरेसा घाम येत नाही, शरीर लवकर तापतं. त्यांच्यासाठी बसथांब्यावरची सावली आणि बसल्या जागी हात पोचेल असा पाण्याचा नळ हीसुद्धा सुगमताच आहे. दुसरं म्हणजे हाताने चालवायची तीनचाकी. ती दारातून आत जात नाही. म्हणून ती ठेवायला दाराशी सावलीची जागा आणि तिथेच एक व्हीलचेअर हवी. हे कुठल्या नकाशात मला अजून दिसलेलं नाही.

उद्यानांच्या फाटकांना गुरं शिरू नयेत म्हणून आडवेतिडवे पाइप असतात; बाजूला 90 सेंटिमीटरचं उघडणारं दार द्या. स्वच्छतागृहाचं तर काय सांगू? दिव्यांगांसाठीच्या खोलीला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि आत झाडू-बादल्या, हे मी स्वतः पाहिलंय. सकाळी घरून निघताना पाणी न पिणाऱ्या मुली मला भेटल्यात.

पैशांबद्दल एवढंच. पालिकेच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी अर्थसाहाय्याला लागतो, आणि लागायलाच हवा. रस्ते-इमारतींचा खर्च बांधकामाच्या बजेटमधूनच झाला पाहिजे. सगळ्यांसाठीचा रस्ता यांच्या वाट्याच्या पैशातून का करायचा?

याच शहरात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल केंद्रात दिव्यांग मुलंमुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. आराखड्याची पहिली पाहणी त्यांना बरोबर घेऊन करा. नवीन बसस्थानकापासून महापालिकेच्या सतरा मजली इमारतीतल्या खिडकीपर्यंत जायचं, मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. एकाने टेप धरायची, एकाने वही. जिथे चाक अडेल किंवा पांढरी काठी खांबाला लागेल, तिथे थांबून लिहायचं, आणि त्या ओळीपुढे अधिकाऱ्याचं नाव व तारीख तिथल्या तिथे टाकायची. टेप धरायला मी येतो.